तीन दिवसांचे कपडे

२६ जुलै २००५ ही तारीख मुंबईकरांना वेगळी सांगावी लागत नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी इथे ह्यूस्टनमध्ये आणि आई, दादा, वहिनी कुर्ल्याला. कॉलिंग कार्डचा पिन दाबून दाबून बोट दुखायला लागलं, पण फोन काही लागेना. शेवटी दुसऱ्या दिवशी आईचा आवाज ऐकू आला, तर ती म्हणते, "आम्ही बरे आहोत रे, तू जेवलास का?" आता यावर काय बोलणार!

महिनाभराने उलटा प्रकार झाला. २७ ऑगस्टला, शनिवारी, आईचाच फोन आला. "टीव्हीवर दाखवतायत, अमेरिकेत मोठ्ठं वादळ येतंय म्हणे. तुमच्याकडे का?" मी म्हटलं, "नाही गं, ते न्यू ऑर्लिन्सकडे जाईल. इथून साडेतीनशे मैल. मुंबई ते गोवा समज." माझा भूगोल बरोबर होता, पण वादळ आमच्याकडे येणार नाही हा अंदाज चुकला. सोमवारी पहाटे तीन वाजता ते आमच्या दाराची बेल वाजवत उभं होतं. चोवीस वर्षांचं, मूळचं जळगावचं, पाठीवर सॅक आणि पायात स्लिपर!

झालं होतं असं की, रविवारी सकाळी एका मित्राच्या मित्राने फोन केला. न्यू ऑर्लिन्समध्ये शिकणारी पाच देसी मुलं एका जुन्या टोयोटात बसून निघाली आहेत, त्यातल्या एकाची सोय करशील का, दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे. एरवी सहा तासांचा रस्ता. त्यांना सतरा तास लागले. मी तेव्हा जेमतेम पस्तिशीचा होतो, पण या पठ्ठ्याने आत पाऊल टाकताच मला 'काका' आणि हिला 'काकू' करून टाकलं. हिने त्याला वरणभात वाढला. तो निमूट जेवला आणि सोफ्यावरच झोपला. तो झोपलेला असताना तिकडे कॅटरिना किनाऱ्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सॅकमधून काय काय निघालं ते मला अजून आठवतं. तीन टी-शर्ट, एक जीन्स, लॅपटॉप, आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले पासपोर्ट आणि आय-ट्वेंटी. बाकी सगळं खोलीवर राहिलं. पुस्तकं, थंडीचा कोट, जळगावहून आणलेला प्रेशर कुकर. मी विचारलं, "एवढंच?" तर म्हणाला, "काका, सगळ्यांनी सांगितलं, तीन दिवसांचे कपडे घे."

हे 'तीन दिवस' त्या काळात अख्ख्या न्यू ऑर्लिन्सच्या डोक्यात बसलेले होते. त्याला कारणही होतं. आदल्याच वर्षी, सप्टेंबर २००४ मध्ये, आयव्हन नावाचं वादळ येणार म्हणून लाखो लोक शहर सोडून गेले, तासन् तास रस्त्यात अडकले, आणि वादळ ऐन वेळी अलाबामाकडे वळलं. लोक दोन-तीन दिवसांनी परत आले, फ्रीजमधलं दूधसुद्धा नासलं नव्हतं. हरिकेन म्हणजे सक्तीचा लाँग वीकेंड अशी समजूत झालेली. त्या समजुतीचं पुढे काय झालं, आणि शहरातल्या वसतिगृहांमधून विद्यार्थी कसे बाहेर पडले, याचा मी नंतर बराच पाठपुरावा केला. एक तर घरात पाहुणा होता, आणि दुसरं म्हणजे मी स्वतः चार वर्षं हॉस्टेलवर काढलेली आहेत. हॉस्टेल रिकामं करा अशी नोटीस लागली की कोणाच्या पोटात गोळा येतो हे मला माहीत आहे. ज्याचं घर जवळ आहे त्याच्या नाही.

तर त्या शनिवारी, २७ ऑगस्टला, ट्युलेन विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांचा पहिला दिवस होता. अमेरिकेतला हा 'मूव्ह-इन' म्हणजे मोठा सोहळा असतो. आईवडील गाडीभर सामान घेऊन येतात, खोलीत पलंगावर चादर घालून देतात, आई डोळे पुसते, बाप उगाचच खिडकीची कडी तपासतो. आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारपर्यंत, हवामान खात्याचा अंदाज वादळ फ्लोरिडाच्या बाजूला जाईल असा होता. शुक्रवारी तो अंदाज पश्चिमेकडे सरकत सरकत न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने आला. त्यामुळे शनिवारी सकाळी पालक सामान चढवत होते आणि दुपारी विद्यापीठाचे अध्यक्ष स्कॉट कोवेन त्याच पालकांना सांगत होते की आता मुलांना घेऊन निघा, बुधवारी परत या. बुधवारी! म्हणजे तिथेही तोच तीन-चार दिवसांचा हिशेब.

ज्यांचे आईवडील अजून तिथेच होते ते निघाले. ज्यांच्याकडे गाड्या होत्या तेही निघाले. उरले ते. दूरच्या राज्यांतून विमानाने आलेले, परदेशी, कोणी नातेवाईक नसलेले. असे सुमारे सहाशे. यांच्यासाठी ट्युलेनची व्यवस्था आधीपासून ठरलेली होती. बसेस, आणि उत्तरेला सुमारे १८० मैलांवर जॅक्सन गावातल्या जॅक्सन स्टेट विद्यापीठाची जिमखान्याची इमारत. बसेस आल्या, मुलं चढली, जॅक्सनला पोचली आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपली. योजना कागदावर होती तशी अमलात आली. यात कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे, कारण शहराच्या महापौरांनी सक्तीच्या स्थलांतराचा हुकूम काढला तो त्यानंतर, रविवारी सकाळी.

पण वादळाला कागद वाचता येत नाही. सोमवारी ते जॅक्सनवरूनही गेलं. तिथली वीज गेली. मुलांना तिथून पुन्हा बसमध्ये बसवून आणखी लांब, डॅलस आणि अटलांटाकडे, हलवावं लागलं. म्हणजे तीन दिवसांत दोनदा बिऱ्हाड, आणि तेसुद्धा ज्यांनी कॉलेजातला एकही तास अजून पाहिलेला नाही अशांचं.

आता शहराच्या दुसऱ्या भागात चला. जेंटिली नावाच्या वस्तीत डिलर्ड विद्यापीठ आहे. हे आणि झेवियर ही न्यू ऑर्लिन्समधली कृष्णवर्णीयांसाठी उभी राहिलेली जुनी विद्यापीठं. ट्युलेनइतका पैसा दोघांकडेही नाही. डिलर्डने आपल्या विद्यार्थ्यांना बसने श्रीव्हपोर्टला, सेंटेनरी कॉलेजात नेलं. वाटेत एका बसने पेट घेतला. मुलं वेळेवर उतरली म्हणून वाचली, पण बरोबर घेतलेलं होतं नव्हतं ते सामान जळून गेलं. म्हणजे तीन दिवसांचे कपडेसुद्धा राहिले नाहीत. इकडे विद्यापीठाचं आवार काही आठवडे पाण्यात राहिलं, आणि त्यातच आग लागून वसतिगृहाच्या इमारती जळाल्या. चहूकडे पाणी आणि मधोमध आग. अग्निशामक दलाची गाडी पोचणार कशी?

झेवियरची गोष्ट आणखी वेगळी. तिथेही बहुतेक विद्यार्थी वेळेत निघून गेले, पण शेकडो जणांना जाता आलं नाही, आणि ते काही कर्मचाऱ्यांबरोबर वसतिगृहातच राहिले. पाणी चढलं. वीज गेली. खालचा मजला सोडून सगळे वर गेले. ऑगस्ट अखेरचा लुईझियानाचा उकाडा म्हणजे आपल्या चिपळूणचा मे महिना समजा, त्यात पंखा नाही. काही दिवसांनी बोटी आल्या आणि त्यांतून या मुलांना बाहेर काढण्यात आलं.

एकच शहर, एकच वादळ आणि तीन वसतिगृहं. फरक कशाने पडला? हुशारीने नाही. झेवियर हे अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांना सर्वाधिक कृष्णवर्णीय विद्यार्थी देणारं विद्यापीठ म्हणून नावाजलेलं आहे, तिथे हुशारीची काय कमतरता! फरक पडला तो गाडी, बस, पैसा आणि जमिनीची उंची यांनी. ट्युलेनचा दर्शनी भाग नदीकाठच्या जुन्या उंचवट्यावर आहे. तिथे पाणी आलं नाही, मागच्या उताराकडे मात्र शिरलं आणि आवाराचा निम्म्याहून अधिक भाग बुडाला. झेवियर आणि डिलर्ड मूळच्या पाणथळ, सखल भागात. शहरात उंच जमीन आधी कोणाला मिळाली आणि सखल जमीन कोणाच्या वाट्याला आली, हा इतिहास त्या आठवड्यात पाण्याच्या रेषेने भिंतींवर काढून दाखवला.

इथे थोडं इंजिनियरिंग सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, माफ करा. न्यू ऑर्लिन्स म्हणजे एक वाडगं. एका कडेला मिसिसिपी नदी, दुसऱ्या कडेला पॉन्चरट्रेन सरोवर, आणि मधला बराच भाग समुद्रसपाटीखाली. पडलेला पाऊससुद्धा आपणहून वाहून जात नाही, तो पंपाने उपसावा लागतो. उपसलेलं पाणी कालव्यांतून सरोवरात सोडतात. या कालव्यांच्या कडेला मातीचे बांध, त्यांच्यावर काँक्रीटच्या भिंती, आणि त्या भिंतींना आधार म्हणून जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे. कॅटरिनाने सरोवराचं पाणी या कालव्यांत उलटं लोटलं. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन अव्हेन्यू या कालव्यांच्या भिंती पाणी वरून वाहण्याच्या आधीच ढासळल्या. खालची माती मऊ, काही ठिकाणी रेताड, आणि पत्रे पुरेसे खोल नव्हते. म्हणजे भिंत बुटकी पडली नाही, पायातून सरकली. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हे बांधकाम अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं. जून २००६ मध्ये त्यांनीच आपल्या अहवालात रचनेतले दोष कबूल केले.

हे इथे सांगायचं कारण असं की, विद्यार्थी हलवण्याच्या सगळ्या योजना वाऱ्याच्या होत्या. वारा येतो, झाडं पाडतो आणि निघून जातो, म्हणून तीन दिवस पुरतात. पाणी येतं ते बसून राहतं. वाडगं उपसून काढायलाच कित्येक आठवडे लागले. भिंती टिकल्या असत्या तर बुधवार नाही तरी पुढचा सोमवार नक्की उजाडला असता. तीन दिवसांचे चार महिने झाले ते वादळामुळे कमी आणि पायातून सरकलेल्या भिंतींमुळे जास्त.

इकडे आमच्या घरी पहिले दोन-तीन दिवस आमचा पाहुणा टीव्हीसमोरून हलला नाही. ५०४ एरिया कोडचे मोबाइल लागत नव्हते, एसएमएस तेवढे कधीकधी जायचे. विद्यापीठाची ईमेल बंद. प्रोफेसर कुठे आहेत पत्ता नाही. त्याची आई रोज जळगावहून फोन करायची आणि रोज एकच विचारायची, "कॉलेज कधी उघडणार?" तो म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात." पुढच्या आठवड्यात, ७ सप्टेंबरला, गणपती आले. आरती म्हणताना तो मध्येच थांबला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. ही त्याच्या मागे गेली. काय बोलणं झालं मला माहीत नाही. तो परत आला तो बाकीची आरती खणखणीत म्हणायलाच. दुसऱ्या दिवशी त्याने टीव्ही लावला नाही, लॅपटॉप उघडून इथल्या विद्यापीठांची पानं बघायला बसला.

त्या दिवसांत अमेरिकेतल्या विद्यापीठांनी जे केलं ते मला आजही या देशाच्या चांगल्या गोष्टींमध्ये मोडावंसं वाटतं. सत्र सुरू होऊन गेलेलं, तरी देशभरातल्या शेकडो कॉलेजांनी दारं उघडली. एकट्या ट्युलेनचे विद्यार्थी सुमारे सहाशे कॉलेजांत विखुरले. गुणपत्रिका मागायच्या कुणाकडे, त्या पाण्यात किंवा बंद पडलेल्या सर्व्हरवर. मग ठरलं की मुलगा सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. बऱ्याच ठिकाणी मुलाने मूळ कॉलेजात फी भरलेली असेल तर पुन्हा फी घ्यायची नाही असं ठरलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही मुलं 'पाहुणे विद्यार्थी' म्हणून घ्यायची, आपल्याकडे कायमची ओढून घ्यायची नाहीत. नाहीतर पाणी ओसरल्यावर न्यू ऑर्लिन्सच्या विद्यापीठांकडे इमारती असत्या आणि विद्यार्थी नसते. ट्युलेनचं वैद्यकीय महाविद्यालय तर आमच्या ह्यूस्टनमधल्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये भरू लागलं. ज्यांना कुठेच जाता आलं नाही त्यांच्यासाठी 'स्लोन सेमिस्टर' नावाने इंटरनेटवरून मोफत अभ्यासक्रम सुरू झाले.

आमच्या मुलापुढे आणखी एक भानगड होती, जी अमेरिकन मुलांना कळणारही नाही. विद्यार्थी व्हिसाचा नियम असा की तुम्ही ठरलेल्या विद्यापीठात पूर्णवेळ शिकत असलं पाहिजे. आणि इथे विद्यापीठच बंद! मग हा मुलगा कायदेशीर की बेकायदेशीर? परत जावं, तर पुन्हा व्हिसा मिळेल याची खात्री नाही. पैसे संपत आलेले, कॅम्पसवर तासाच्या हिशेबाने करायचा जॉब बुडालेला, आणि कॅम्पसबाहेर काम करायला बंदी. सरकारने अशा विद्यार्थ्यांना सवलती दिल्या. पैशाच्या अडचणीत सापडलेल्यांसाठी नोकरीचे नियम तात्पुरते शिथिल केले, पण तो आदेश निघेपर्यंत नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात त्याने ते आय-ट्वेंटीचं पाकीट इतक्या वेळा उघडलं की त्याच्या घड्या फाटायला आल्या. पासपोर्टबरोबर तो कागद आणायची बुद्धी त्याला झाली नसती तर काय, याचा विचार आम्ही दोघांनी मोठ्याने कधी केला नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर त्याला इथल्या एका विद्यापीठात पाहुणा विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला. आम्ही पेढे वाटले. आणि आठवड्याभरात रीटा नावाचं दुसरं वादळ थेट ह्यूस्टनच्या दिशेने निघालं! या वेळी आम्हीच निर्वासित. मी बॅगा भरायला घेतल्या तर हा दारात उभा राहून शांतपणे म्हणतो, "काका, आता सात दिवसांचे कपडे घेऊ." आम्ही हसलो खरे.

कॅटरिनाच्या भीतीने ह्यूस्टन परिसरातून पंचवीस लाखांच्या आसपास लोक एकदम रस्त्यावर आले. चौदा तासांत आम्ही साठ मैल गेलो. पेट्रोल संपलेल्या गाड्या कडेला उभ्या. शेवटी आम्ही परत फिरलो आणि घरी येऊन बसलो. २४ सप्टेंबरला रीटा पूर्वेकडे सरकून किनाऱ्याला लागलं, आमच्या कुंपणाच्या दोन फळ्या पडल्या. पण त्या पळापळीत शंभराच्या आसपास माणसं गेली, वादळात गेली त्यापेक्षा कितीतरी जास्त. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली आणि त्यात २३ जण गेले. डिलर्डची मुलं ज्यातून वाचली तसाच प्रसंग, पण आत चालता न येणारी माणसं होती. ज्याला स्वतःहून निघता येत नाही त्याला कसं नेणार, हा प्रश्न वसतिगृहापुरता नाही हे मला त्या दिवशी कळलं.

ट्युलेन आणि झेवियर १७ जानेवारी २००६ ला पुन्हा उघडली. बहुतेक विद्यार्थी परत आले, झेवियरला साधारण तीन चतुर्थांश. त्याचं पुष्कळ श्रेय अध्यक्ष नॉर्मन फ्रान्सिस यांचं. शहरात राहायला घरं नव्हती म्हणून ट्युलेनने एक प्रवासी जहाज भाड्याने घेऊन नदीत उभं केलं आणि त्यात माणसं राहिली. डिलर्डचं आवार राहण्याजोगं नव्हतंच. त्यांनी नदीकाठच्या हिल्टन हॉटेलात सत्र भरवलं. मुलं राहायची हॉटेलात आणि शिकायचीही तिथेच. ऐकायला चैन वाटते, पण आधी होते त्यांच्यापैकी साधारण निम्मेच विद्यार्थी त्या हॉटेलात परतले होते. बाकीचे निम्मे कुठे गेले? काही दुसऱ्या कॉलेजांत स्थिरावले असतील, काहींचं शिक्षण तिथेच थांबलं असेल. त्यांच्यासाठी ते तीन दिवस कधी संपलेच नाहीत.

आणि इंजिनियर म्हणून मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही. ८ डिसेंबर २००५ ला ट्युलेनने आपली पुनर्रचना जाहीर केली. तोटा प्रचंड होता, काहीतरी कापणं भाग होतं हे मान्य. जे कापलं त्यात सिव्हिल, मेकॅनिकल, आणि इलेक्ट्रिकल व संगणक हे इंजिनियरिंगचे विभाग होते. याच ट्युलेनमधून १८९९ साली ए. बाल्डविन वूड नावाचा माणूस मेकॅनिकल इंजिनियर होऊन बाहेर पडला होता. त्याने बनवलेल्या अजस्र स्क्रू पंपांनी न्यू ऑर्लिन्सची दलदल उपसून कोरडी केली आणि त्या सखल भागात वस्ती होऊ शकली. त्या पंपांनी शहर मोठं झालं, आणि कोरडी झालेली जमीन आणखी खचलीसुद्धा. वाडगं खोल झालं. शंभर वर्षांनी ते वाडगं भरलं, ते भिंतींच्या रचनेत चूक झाली म्हणून. आणि ज्या शहराला सिव्हिल इंजिनियरांची गरज सगळ्यात जास्त, तिथलंच एक जुनं खातं बंद झालं. त्या खात्यांतली मुलं बसने सुखरूप बाहेर पडली होती. जीव वाचला, खोली परत मिळाली, पण ज्यासाठी आलो ते खातंच टप्प्याटप्प्याने मिटत गेलं.

आमचा पाहुणा जानेवारीत परत गेला. त्याला सोडायला मीही गेलो होतो. रस्त्याच्या दुतर्फा चिकटपट्टीने बंद केलेले फ्रीज उभे, हजारोंनी. आत काय होतं ते वासावरून कळत होतं. त्याच्या खोलीत छातीएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ आणि तिच्यावर बुरशी. पुस्तकांचा लगदा झालेला. कुकर मात्र ओट्यावर तसाच होता, गंजका चिखल भरलेला. त्याने तो उचलला, शिट्टी फिरवून बघितली आणि म्हणाला, "गॅसकेट बदललं तर चालेल."

पुढे मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा हे सगळं पुन्हा आठवलं. हार्वर्डने १० मार्चला मुलांना सांगितलं की १५ तारखेपर्यंत वसतिगृहं सोडा, आणि पाठोपाठ देशभर तेच झालं. घरी जा. कुठलं घरी? भारताने २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानंच थांबवली, आणि 'वंदे भारत'ची उड्डाणं सुरू झाली ती ७ मे रोजी. अनेक विद्यापीठांनी परदेशी मुलांना अर्ज करून राहू दिलं हे खरं, पण मधल्या काळात आमच्या ओळखीतल्या किती घरांत पुन्हा सोफ्यावर कोणी ना कोणी झोपत होतं!

आणि २९ ऑगस्ट २०२१. बरोबर सोळा वर्षांनी, त्याच तारखेला, आयडा वादळ लुईझियानावर आलं. ते इतक्या वेगाने वाढलं की मुलांना हलवायला वेळच उरला नाही, ती वसतिगृहातच थांबली. या वेळी अब्जावधी डॉलर खर्चून नव्याने बांधलेल्या भिंती टिकल्या. पण शहराला वीज पुरवणाऱ्या आठही वाहिन्या बंद पडल्या. मग ट्युलेनने मंगळवारी बसेस मागवल्या आणि मुलांना आणलं कुठे, तर आमच्या ह्यूस्टनच्या हॉटेलात. तिथून त्यांना आपापल्या घरी जाता यावं म्हणून. त्या संध्याकाळी आमच्या जुन्या पाहुण्याचा फोन आला. आता चाळिशीचा आहे, त्याचेच केस माझ्याइतके पांढरे झालेत. "काका, पोरं पोचली का हो तुमच्याकडे?" जणू काही सगळी बस आमच्याच दारात उतरणार होती.

असो. फार लांबलं. आपल्याकडून दरवर्षी हजारो मुलं शिकायला इकडे येतात. आईबाप रँकिंग बघतात, फी बघतात, हॉस्टेलमध्ये मायक्रोवेव्ह आहे का विचारतात. त्यात चार प्रश्न आणखी घाला. हॉस्टेल रिकामं करायची वेळ आली तर गाडी नसलेल्या मुलाला कोण नेणार? कुठे नेणार? तिथेही संकट आलं तर पुढे कुठे? आणि तीन दिवसांत परतता आलं नाही, तर त्याची फी, त्याचा व्हिसा आणि त्याचं वर्ष यांचं काय? याची उत्तरं ज्या विद्यापीठाकडे लेखी असतील ते रँकिंगमध्ये दहा पायऱ्या खाली असलं तरी चालेल.

आणि मुलाला सांगून ठेवा. कपडे कितीही दिवसांचे घे, ते कुठेही मिळतात. पासपोर्ट आणि आय-ट्वेंटी मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळ.